तारीख उलटली, तरी कळा नाहीत

सोनोग्राफीच्या रिपोर्टवरची तारीख उलटली की घरातले फोन वाढतात. ‘झालं का गं काही?’ आत्याचा फोन, मावशीचा फोन, शेजारच्या काकूंची चौकशी. इकडे पायांना सूज, रात्री कुशीवर वळणंही जड. मग प्रत्येकीकडून एकेक उपाय येतो. दुधात तूप घालून पी. उकिडवी बसून फरशी पूस. जिने चढ-उतर कर. खजूर खा. आणि तरीही काही झालं नाही, तर एरंडेल घे.

ही सगळी माया खरी असते. मात्र बहुतेक उपायांचा रोख कळा आणण्यावर असतो, आणि दिवस भरूनही बाळंतपण अडतं ते बहुतेकदा गर्भपिशवीच्या तोंडापाशी. ते तयार नसेल तर कळा येऊनही फारसं काही साधत नाही.

आधी तारखेबद्दल. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, हा साधा हिशेब. नेमकी त्याच दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. त्यातही पहिलटकरणीचे दिवस थोडे वर जातात. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी तारीख साधारण आठवड्याच्या आत-बाहेर सांगते. नवव्या महिन्यातली दोन-तीन आठवड्यांनीही चुकू शकते. शेवटच्या रिपोर्टवर वेगळी तारीख दिसली म्हणून गडबडून जायचं कारण नाही. सुरुवातीच्या सोनोग्राफीचा कागद म्हणूनच जपून ठेवायचा आणि बाळंतपणाला जाताना फाइलमध्ये सगळ्यात वर लावायचा.

मग थांबायचं किती? ४१ आठवडे उलटल्यावर बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ लागतं, बाळ पोटातच शी करण्याचं प्रमाण वाढतं आणि बाळ पोटात दगावण्याचा धोका वर सरकतो. हा धोका तेव्हाही थोडाच असतो, पण तो खरा असतो. स्वीडनमध्ये ४१ आठवड्यांना कळा आणाव्यात की ४२ पर्यंत वाट पाहावी, याचा मोठा अभ्यास सुरू होता. वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळं दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे नक्की पूर्ण झाले असतील तर कळा सुरू कराव्यात, असंच सांगते. रक्तदाब वाढला, मधुमेह असला, पाणी जाऊनही कळा आल्या नाहीत किंवा बाळाची वाढ खुंटली, तर डॉक्टर त्याआधीच निर्णय घेतात.

आता पिशवीच्या तोंडाकडे वळू. एरवी ते नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं, मागच्या बाजूला वळलेलं असतं, तीन-चार सेंटिमीटर लांब आणि घट्ट मिटलेलं. शेवटच्या आठवड्यांत ते ओठासारखं मऊ होतं, पुढे येतं, आखूड होत जातं. किती उघडलं, किती पातळ झालं, किती मऊ आहे, कुठे वळलं आहे आणि बाळाचं डोकं किती खाली आलं आहे, या पाच गोष्टींना गुण देण्याची पद्धत एडवर्ड बिशप या डॉक्टरांनी १९६४ मध्ये मांडली. जगभरचे लेबर रूम आजही ती वापरतात. गुण आठाच्या वर असले तर काम सोपं. कमी असले तर आधी तोंड मऊ करायचं, कळांचं नंतर पाहायचं. डॉक्टर आतून तपासतात तेव्हा ‘माझा स्कोअर किती आला?’ हे प्रत्येकीने बेलाशक विचारावं.

या कसोटीवर घरगुती उपाय लावून पाहू. चालण्याने अंग मोकळं राहतं, मनही. झेपेल तेवढं जरूर चालावं. त्याने हमखास कळा येतात असं मात्र नाही. तुपाने बाळ ‘सरकन’ येत नाही, कारण पोटात गेलेलं तूप गर्भाशयाच्या वाटेला जातच नाही. खजुराची गोष्ट थोडी वेगळी. जॉर्डनमध्ये शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या बायकांचं पिशवीचं तोंड दवाखान्यात येताना जास्त उघडलेलं आढळलं. तो अभ्यास लहान होता; तरीही साखर ताब्यात असेल तर खजूर खायला काहीच हरकत नाही. मधुमेह असलेलीने आधी डॉक्टरांना विचारावं.

एरंडेलाबाबत मी ठाम आहे: घरी घेऊ नये. त्यातलं रिसिनोलिइक आम्ल आतडी आणि गर्भाशय दोन्ही आकुंचित करतं, हे जर्मन शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये उंदरांवर दाखवलं. म्हणजे आजीबाईंचं निरीक्षण निराधार नव्हतं. पण घेणाऱ्या बाईच्या वाट्याला आधी येतात ते उलट्या, जुलाब आणि थकवा, आणि बाळंतपणाला लागणारी ताकद त्यातच संपते. आधी सिझेरियन झालेलं असेल तर जोरकस कळांनी जुन्या टाक्यांवर ताण येतो, हा धोका वेगळाच.

दवाखान्यातले उपाय बहुतेक पिशवीच्या तोंडापासूनच सुरू होतात. सगळ्यात साधा उपाय म्हणजे तपासताना बोट आत फिरवून गर्भजलाच्या पिशवीचं आवरण तोंडापासून सुटं करणं. दुखतं, थोडं रक्त जातं. पण त्यातून तोंड मऊ करणारं प्रोस्टाग्लँडिन शरीरातच तयार होतं आणि पुढची औषधं काही जणींना लागतही नाहीत. दुसरा उपाय फोलीचा. लघवीसाठी वापरतात तीच रबरी नळी तोंडातून आत सरकवतात, टोकाचा फुगा पाण्याने फुगवतात आणि बाहेरचं टोक मांडीला चिकटपट्टीने ताणून लावतात. तोंड तीन-चार सेंटिमीटर उघडलं की फुगा आपोआप निसटून बाहेर येतो. तिसरा उपाय मिसोप्रोस्टॉल, मुळात पोटातल्या अल्सरची गोळी.

फोली आणि मिसोप्रोस्टॉल या दोन स्वस्त उपायांतला सरस कोणता, याचं एक भक्कम उत्तर आपल्या नागपुरातून आलं. तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींवर हा अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल तोंडाने घेणाऱ्यांपैकी ५७ टक्के जणी २४ तासांच्या आत नैसर्गिकरीत्या बाळंत झाल्या. फोलीच्या गटात ४७ टक्के. सरकारी वॉर्डात, आपल्याच बायकांच्या सहभागातून मिळालेलं हे ज्ञान आहे, आणि त्याचं मोल मला फार वाटतं. हे औषध मात्र दवाखान्यातच, बाळाचे ठोके तपासत द्यायचं असतं. आधी सिझेरियन झालेलीला ते देत नाहीत.

उरलं ते ‘कळांचं इंजेक्शन’, म्हणजे ऑक्सिटोसिन. शिरेतून थेंबथेंब दिलं तर ठोके बिघडताच सलाईन बंद करता येतं आणि काही मिनिटांत असर उतरू लागतो. तेच दंडात टोचलं तर परत काढता येत नाही. कळा थांबेनाशा होतात, बाळ गुदमरतं, क्वचित गर्भाशय फाटतं. बाळ झाल्यावर रक्तस्राव होऊ नये म्हणून हेच इंजेक्शन देतात, तेव्हा ते जीव वाचवतं. बाळ पोटात असताना लवकर मोकळी व्हावी म्हणून कुणी घरी किंवा वाटेत ते टोचायला निघालं, तर घरच्यांनी सरळ हात धरावा.

आणि बाळाची हालचाल मंदावली, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर कुठलाही उपाय न करता तडक दवाखाना गाठावा.

भरती झाल्यावर पहिलटकरणीला दीड-दोन दिवसही लागू शकतात. पाण्याची पिशवी फुटून ऑक्सिटोसिन सुरू झाल्यावर किमान १२ ते १८ तास द्यावेत, मगच प्रयत्न फसला म्हणावं, असं अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. अर्थात आई आणि बाळ दोघं ठीक असतील तर. हा हिशेब भरती होतानाच नातेवाइकांना समजावून सांगायला हवा. नाहीतर सहाव्या तासाला बाहेरच्या बाकावरून ‘अजून किती वेळ? सिझर का करून टाकत नाही?’ हा तगादा सुरू होतो, आणि आत कळा सोसणारीलाही तो ऐकू जातो.