सेंट्रल एसी बसवायचाय? मग स्लॅबच्या आधीच ठरवा

बंगल्याचं काम सुरू असतं तेव्हा सगळ्यांचं लक्ष सिमेंट, सळई आणि टाइल्सच्या भावावर असतं. एसीचा विषय निघतो तो पीओपीवाला दारात आल्यावर. सेंट्रल एसीसाठी तोवर उशीर झालेला असतो. हवेचा डक्ट कुठून जाणार, पाइपसाठी भिंतीत जागा कुठे ठेवायची, मशिनचं पाणी कुठे सोडायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर छत खाली घ्यावं लागतं किंवा कोणीतरी बीमला भोक पाडायचं सुचवतं. ते मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय अजिबात करू देऊ नये.

मुळात ‘सेंट्रल’ या एका शब्दाखाली बाजारात वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली डक्टची. मशिन छतात लपतं आणि पत्र्याच्या डक्टमधून थंड हवा जाळीवाटे खोल्यांत येते. दिसायला सगळ्यात देखणी हीच. पण फॉल्स सीलिंगमध्ये जवळपास फूटभर उंची जाते. शिवाय दुपारी हॉलमध्ये फक्त आजी-आजोबा बसलेले असले, तरी चारही खोल्या थंड होत राहतात. खोलीनिहाय हवा बंद करणारे डॅम्पर मिळतात, पण त्यांचा खर्च वेगळा, आणि मशिनही त्याप्रमाणे कमी-जास्त चालणारं हवं. गेलेली हवा परत मशिनकडे यावी लागते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. दार घट्ट लावलं की खोली नीट गार होत नाही, म्हणून दाराखाली फट किंवा परतीची जाळी लागते. ही जाळी स्वयंपाकघराजवळ ठेवली, तर फोडणीचा वास बेडरूमपर्यंत पोचतो!

दुसरी मल्टी-स्प्लिट. बाहेर एकच युनिट, आत दोन ते पाच. मधे फक्त तांब्याचे पाइप, वायर आणि पाण्याची नळी, त्यामुळे राहत्या घरातही हे जमतं. याचंच मोठं भावंडं म्हणजे व्हीआरएफ. डायकिन कंपनीने १९८२ मध्ये ‘व्हीआरव्ही’ नावाने ही पद्धत आणली. जितक्या खोल्या चालू, तितकाच गॅस फिरतो. सगळ्या खोल्या एकदम चालत नाहीत हे धरून आतल्या युनिटांची बेरीज बाहेरच्यापेक्षा जास्त, साधारण १३० टक्क्यांपर्यंत ठेवता येते. पाच-सहा खोल्यांच्या घराला हीच पद्धत जास्त सोयीची. फक्त बाहेरचं एकुलतं एक युनिट बंद पडलं की अख्खं घर तापतं. म्हणून एका बेडरूमला साधा वेगळा स्प्लिट ठेवणं शहाणपणाचं.

आता गावाची हवा. ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबादकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते. तिथे डक्टचा मोठा कूलर कमी विजेत चांगलं काम देतो. एसीच्या उलट त्याला खिडकी थोडी उघडी लागते, नाहीतर ओल साचते. पाणीही भरपूर लागतं. टँकरवर दिवस काढणाऱ्या वस्तीत हा हिशेब आधी करावा. पाऊस सुरू झाला की मात्र कूलर निकामी. बडोद्यातही कोरडा उन्हाळा संपला की तीच गत. गोव्यात तर त्याचा विचारच नको.

गोव्यात उन्हापेक्षा दमटपणाचा त्रास जास्त. इथे गरजेपेक्षा मोठं मशिन घेणं ही महागात पडणारी चूक. खोली पटकन गार होते, कॉम्प्रेसर थांबतो, पण हवेतली ओल निघत नाही. मग कपाटात बुरशी आणि अंगाला चिकचिक. कमी वेगाने बराच वेळ चालणारं इन्व्हर्टर मशिन बरं. समुद्राजवळ घर असेल, तर बाहेरच्या कॉइलवर खाऱ्या हवेपासून वाचवणारा थर आहे का, हे पाहूनच पैसे द्यावेत.

बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर. उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर रात्री पंख्यावर भागतं. तिथे पूर्ण घराला सेंट्रल एसी म्हणजे बहुतेक वेळा हौसच. दोन बेडरूमचे स्प्लिट पुरतात.

कोटेशन घेताना ‘इतक्या फुटाला एक टन’ एवढ्यावर समाधान मानू नये. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढणं. गच्चीखालची पश्चिमेची खोली आणि तळमजल्यावरची तेवढीच खोली यांची गरज सारखी नसते. खोलीनिहाय हिशेब लेखी मागावा. गच्चीला पांढरा उष्णतारोधक थर दिला, तर टनही कमी लागू शकतात. थ्री फेज कनेक्शन आणि मंजूर लोड याची चौकशी वीज कंपनीकडे आधीच करावी, आणि जवळच्या शहरात त्या मशिनचा मेकॅनिक आहे का तेही पाहावं.

छतात मशिन असेल, तर त्याच्याखाली माणसाचं डोकं-खांदे जातील एवढी झडप ठेवायला सांगा. इंटिरिअरवाला ‘लूक बिघडतो’ म्हणेल. पण पहिल्याच वर्षी पाण्याची नळी तुंबून छतावर पिवळा डाग उमटला, तर झडप नसलेलं ते छत कापावं लागतं.