पांढऱ्या उंदरांची कैफियत

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर, जिला येथले लोक रिज म्हणतात, महानगरपालिकेचे जे जुने रुग्णालय आहे त्याचे हिंदूराव हे नाव प्रथम कानी पडले की, कोणा धर्मशील शेटजीने ते बांधविले असावे किंवा एखाद्या हिंदू धर्मादाय मंडळाने ते स्थापिले असावे, असा समज मराठी माणसाचासुद्धा होतो. माझाही तो कित्येक वर्षे होता. वस्तुतः हे हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटगे घराण्यातले, सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. १८३५ साली विल्यम फ्रेझर या इंग्रज अंमलदाराचा दिल्लीत खून झाला, त्यानंतर त्याची टेकडीवरची कोठी यांनी विकत घेतली, आणि पुढे १८५७ च्या वेढ्यात, हिंदूराव हयात नसताना, त्याच कोठीच्या भिंतींनी तोफांचा मारा सोसला. घाटग्यांचे नाव मात्र त्या जागेला, आणि सदर बाजाराजवळच्या बाडा हिंदूराव या वस्तीला, जे चिकटले ते आजतागायत सुटलेले नाही. नुसत्या नावावरून ग्रह करून घेण्याची ही खोड आपण किती दूरवर नेतो, याचा प्रत्यय मला याच टेकडीखाली, मलकागंजातील माझ्या बिऱ्हाडी, दोन उंदरांच्या निमित्ताने आला.

विद्यापीठात शिकणारी माझी पुतणी एका रविवारी जामा मशिदीजवळच्या पशुपक्ष्यांच्या बाजारातून हे दोन जीव घेऊन आली. एक शुभ्र, डोळे गुंजेसारखे लाल. दुसऱ्याचे अंग पांढरे पण डोक्यावर व खांद्यांवर काळी टोपी चढविल्यासारखा रंग. "काका, हे दोघेही नर आहेत, दुकानदाराने शपथेवर सांगितले आहे," असे तिने मला आश्वासन दिले. संध्याकाळी शेजारचे अण्णा, जे हिशेब खात्यातून निवृत्त झाले असूनही प्रत्येक गोष्टीवर हरकतीचा शेरा मारण्याची सवय ज्यांची सुटलेली नाही, ते चहाला आले आणि पिंजऱ्याकडे दृष्टी जाताच कप हातात तसाच धरून उभे राहिले. "अहो, घरात प्लेग आणून ठेवलात!" हे त्यांचे पहिले वाक्य. त्यानंतरच्या अर्ध्या तासात त्यांनी जी फिर्याद गुदरली तिच्यात आपल्या समाजात उंदराविषयी प्रचलित असलेले बहुतेक सर्व आक्षेप आले असल्यामुळे, अण्णांच्या परवानगीने, मी त्यांचाच क्रम येथे ठेवीत आहे.

मात्र त्याआधी नावाचा थोडा उलगडा करणे प्राप्त आहे. मराठीत उंदीर हा एकच शब्द आपण बोटभर प्राण्यालाही लावतो आणि वीतभर प्राण्यालाही. त्यामुळे लहान तो पिल्लू आणि मोठा तो त्याचा बाप, अशी समजूत रूढ आहे. प्रत्यक्षात धान्याच्या कोठीत दिसणारा वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा चिमुकला उंदीर ही एक जात आहे, आणि घरात पाळला जाणारा, पूर्ण वाढल्यावर तीनशे ते पाचशे ग्रॅम भरणारा उंदीर ही सर्वस्वी दुसरी. गटारातून फिरणारी घूस ही तिसरीच. तिची प्रजातीही निराळी. आणि चिचुंद्री तर कृंतक वर्गातली मुळीच नव्हे, ती कीटकभक्षक. पाळीव उंदीर हा तपकिरी उंदराचा वंशज असून त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ 'नॉर्वेचा उंदीर' असा होतो. जॉन बर्कनहाउट याने १७६९ साली, तो नॉर्वेच्या जहाजांतून इंग्लंडात आला या समजुतीने, हे नाव ठेविले. त्याचे मूळ वसतिस्थान उत्तर चीन व मंगोलियाच्या बाजूचे. म्हणजे नावाच्या बाबतीत या प्राण्याचे आणि आमच्या हिंदूरावांचे नशीब सारखेच म्हणायचे.

आता प्लेग. हा आरोप हसण्यावारी नेण्याजोगा नाही, निदान मराठी माणसाने तरी नेऊ नये. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली जो जुलूम झाला त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री त्या बंदोबस्तावरील अधिकारी रँड याच्यावर झाडलेल्या गोळीत झाला. आणि गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिल्याच्या आठवणी आपल्या आजी-पणजींच्या तोंडून पिढ्यान्पिढ्या ऐकू आल्या. तेव्हा 'उंदीर पडला' हे दोन शब्द ऐकताच माणसांनी घर सोडावे, हे त्या काळी शहाणपणच होते. परंतु त्या दोन शब्दांतच खरी गोष्ट दडलेली आहे, ती अशी की उंदीर पडतो, म्हणजे मरतो; प्लेगचा जंतू उंदराचाही तितकाच वैरी आहे. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखविले की, रोग एका उंदराकडून दुसऱ्याकडे जातो तो पिसवेच्या द्वारे. मेलेल्या उंदराचे अंग थंड पडले की उपाशी पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधू लागतात, आणि ते माणसाचेही असू शकते. सिमाँला त्याच्या हयातीतल्या थोरथोर पंडितांनी वेड्यात काढले. पुढे मुंबईत काम करणाऱ्या प्लेग मंडळानेच त्याचे म्हणणे खरे ठरविले.

येथे उंदीर पाळणारे लोकही एक लबाडी करतात, आणि ती मी अण्णांपासून लपविली नाही. 'प्लेग पसरविला तो काळ्या घरउंदराने, आमचा तपकिरी जातीचा, त्याचा यात काही संबंध नाही,' असे ते सांगतात. मुंबईच्या तपासात मात्र असे आढळले की, साथ आधी गटारांतल्या तपकिरी उंदरांत येई, मग घरांतल्या काळ्यांत आणि शेवटी माणसांत. तेव्हा जातीच्या जोरावर निर्दोष सुटण्याचा मार्ग या प्राण्याला नाही. तो निर्दोष ठरतो तो अन्य कारणाने: पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेल्या उंदराच्या अंगावर ना रानातली पिसू, ना तिच्या पोटात तो जंतू. १९९४ साली बीड जिल्ह्यातून व सुरतेतून प्लेगची आवई उठली, तोंडाला फडकी बांधून दिल्ली हिंडत होती आणि येथून जवळच किंग्जवे कँपातल्या सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयात संशयित रुग्ण भरती होत होते. त्या दिवसांत पुष्कळांनी उंदीर मारले, पण उंदीर मेल्यावर पिसवा मोकळ्या होतात हे थोड्यांनाच ठाऊक होते.

अण्णांचा दुसरा मुद्दा चाव्याचा. "चावला की वर टेकडीवर नेऊन पोटात चौदा सुया!" या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत. पोटात टोचली जाणारी ती जुनी लस, जी मेंढीच्या मेंदूपासून बनवीत, भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता थोडीच इंजेक्शने लागतात व ती दंडावर घेतात. दुसरे, उंदराच्या चाव्याने माणसास रेबीज झाल्याची उदाहरणे जवळजवळ नाहीत. त्यामुळे अशा चाव्यासाठी ती लस सहसा देत नाहीत. पण म्हणून जखमेकडे दुर्लक्ष करण्याची मुभा मिळत नाही. उंदराच्या तोंडात, तो पाळीव असला तरी, असे जंतू असू शकतात की ज्यांच्यामुळे चाव्यानंतर काही दिवसांनी ताप, सांधेदुखी व अंगावर पुरळ येते. तेव्हा जखम साबण-पाण्याने धुणे, धनुर्वाताची लस पाहणे आणि ताप आल्यास डॉक्टरांना उंदराचा चावा आवर्जून सांगणे, हे करावेच. लेप्टोस्पायरोसिसची गोष्टही अशीच: मुंबईच्या २००५ च्या महापुरानंतर सर्वांना माहीत झालेला हा आजार बिळातल्या उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून येतो, पण पाळीव उंदीर त्यापासून मुक्तच असतो असे कोणी छातीठोक सांगू नये. पिंजरा साफ केल्यावर हात धुवावेत. मला तरी यात गायीच्या गोठ्यापेक्षा जास्त सोवळे दिसत नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पुतणी रडत माझ्याकडे आली. पांढऱ्याच्या डोळ्यांतून रक्त येत होते. मी चष्मा लावून पाहिले तर खरोखरच डोळ्याच्या कडेला आणि नाकपुडीशी लाल रेघ सुकलेली. पांढरा रुमाल कोमट पाण्यात बुडवून मी ती हळूच टिपली. रुमालावर जो डाग उमटला तो रक्ताचा नसून विटकरी, गंजासारखा. उंदराच्या डोळ्यामागील एका ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचे लाल द्रव्य स्रवते, आणि प्राणी त्रासात असला, आजारी असला वा घाबरलेला असला की ते जास्त येते. पाश्चात्त्य प्रयोगशाळांत या लाल अश्रूंना उंदराच्या मनःस्थितीचा दाखला समजतात. आमच्या पांढऱ्याला त्रास होता तो पिंजऱ्यातल्या भुशाचा. दुकानदाराने चीडच्या लाकडाचा सुवासिक भुसा दिला होता. त्याचा तो वास, जो आपल्याला प्रसन्न वाटतो, उंदराच्या श्वासनलिकेस अपायकारक असतो. भुसा काढून जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या व सुती चिंध्या घातल्या, आणि चार दिवसांत डोळे स्वच्छ झाले. दात नारिंगी पिवळे दिसतात म्हणून पुतणीने ते घासण्याचाही एकदा विचार केला होता. तो रंग निरोगी दातांचा असून, उलट दात पांढरेफटक पडले तर काळजी करावी. याच दातांची एक गंमत मी स्वतः पाहिली आहे: मांडीवर घेऊन कानामागे खाजविले की हा प्राणी दात एकमेकांवर घासून बारीक करकर आवाज करतो, आणि त्या हालचालीने त्याचे डोळे खोबणीत आतबाहेर थरथरतात. पाहणारा पहिल्यांदा दचकतो. ती तृप्तीची खूण आहे.

शेपटी हा अण्णांच्या तिरस्काराचा मुख्य विषय. "बाकी सगळे चालेल हो, पण ते शेपूट!" केस नसलेली, खवल्याखवल्यांची ही शेपटी कुरूप म्हणून हेटाळली जाते, पण उंदराला घाम येत नाही, आणि शरीरातील जादा उष्णता बाहेर टाकण्याचे काम तीच करते; तिच्यातील रक्तवाहिन्या उन्हाळ्यात रुंदावतात, थंडीत आकसतात. दिल्लीचा जेठ, जेव्हा पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा मात्र नुसत्या शेपटीने भागत नाही. आम्ही पिंजरा दुपारी कूलरच्या खोलीत, पण झोताच्या वाटेत नाही, असा ठेवीत असू आणि संगमरवराचा एक तुकडा आत टाकीत असू, ज्यावर दोघे पोट टेकून पसरत. शेपटी धरून उंदीर उचलणे ही तर शुद्ध क्रूरता. तिची कातडी मोज्यासारखी सुटून हातात येऊ शकते.

घाणेरडेपणाचा आरोप मी थोडक्यात निकालात काढतो. उंदीर जागेपणीचा बराच काळ अंग चाटण्यात व तोंड धुण्यात घालवितो. दुर्गंधी येते ती त्याची नव्हे, न बदललेल्या चिंध्यांतील अमोनियाची. मात्र नर चालता चालता थेंबथेंब मुतून आपली हद्द आखतो, हे खरे आहे आणि माझ्या एका पांढऱ्या सदऱ्याने ते सिद्ध केले आहे.

याउलट ज्या खऱ्या अडचणी आहेत त्या फिर्यादीत कोणीच मांडत नाही. हा कळपातला प्राणी आहे. एकटा ठेवला तर झुरतो, आणि माणसाने दिवसातून तासभर खेळविले म्हणजे ती उणीव भरून निघत नाही. तेव्हा दोन घ्यावेत, पण एकाच लिंगाचे. आमच्या दुकानदाराची शपथ किती खरी होती ते पाचव्या आठवड्यात कळले: काळ्या टोपीचा 'नर' प्रसूत झाला आणि चिंध्यांच्या घरट्यात गुलाबी शेंगदाण्यांसारखी नऊ पिल्ले वळवळू लागली. गर्भकाल अवघा एकवीस-बावीस दिवसांचा, आणि पिल्ले पाच-सहा आठवड्यांची होताच स्वतः प्रजोत्पादनास समर्थ; तेव्हा नरमादी वेगळे करण्याची तजवीज तातडीने करावी लागली. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे आयुष्य: दोन वर्षे, फार तर तीन. त्यातही श्वसनाचा आजार आणि माद्यांत स्तनांच्या गाठी या दोन गोष्टी सर्रास आढळतात, आणि इतक्या लहान प्राण्यावर उपचार करणारा पशुवैद्य दिल्लीसारख्या शहरातही शोधावा लागतो. मुलांना स्वस्तातले खेळणे म्हणून जे आईबाप उंदीर आणतात, त्यांनी पिंजऱ्याच्या किमतीबरोबर दोन वर्षांनी येणाऱ्या त्या रडण्याचाही हिशेब करावा.

पांढरा सव्वीस महिन्यांचा होऊन गेला. त्यानंतर अण्णांनी, आता त्यांचा विरोध पुष्कळच मवाळ झाला होता, उरलेल्यांविषयी एक सल्ला दिला: पितृपक्षात पिंजरा टेकडीवर नेऊन उघडावा, जीव मोकळे होतील, पुण्य लागेल. या सल्ल्यापुरते मी त्यांचे ऐकले नाही. रिजवर मुंगूस आहे, घार आहे, मांजर आहे. आणि पिंजऱ्यात जन्मलेला, दिवसाउजेडी चमकणारा पांढरा उंदीर, ज्याला ना बीळ खणण्याचा सराव, ना शत्रूला चुकविण्याचा, तो तेथे एक रात्रही काढणे कठीण. ज्यांना पाळणे झेपत नसेल त्यांनी दुसरे पाळणारे घर शोधावे. पिंजरा टेकडीवर नेऊन उघडू नये.