गुडघा घरी किती वाकला? सेन्सर सांगेल, पण पुढचं काम फिजिओथेरपिस्टचंच

गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया कोल्हापुरात झाली आणि पेशंट वारणानगरला घरी आला, की खरी परीक्षा सुरू होते. जाऊन-येऊन सुमारे ६० किलोमीटरचा प्रवास रोज जमत नाही. आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट गुडघा वाकवून घेतात. बाकीचे सहा दिवस? "व्यायाम केला का?" या प्रश्नाला घरोघरी एकच उत्तर मिळतं, "केला की!"

हे सहा दिवस डोळ्यांसमोर यावेत, यासाठी अंगावर घालायचे सेन्सर उपयोगी पडतात.

नेमकं काय मोजलं जातं?

एक पट्टा मांडीवर, दुसरा नडगीवर. प्रत्येकात दोन सेन्सर असतात. ॲक्सिलरोमीटर वेगातला बदल आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, तर जायरोस्कोप फिरण्याचा वेग मोजतो. मांडी आणि नडगी यांच्या कलातला फरक म्हणजे गुडघ्याचा कोन. तो ब्लूटूथने मोबाइलवर दिसतो.

या आकड्याला इतकं महत्त्व का?

सपाट रस्त्यावर चालायला गुडघा साधारण ६० ते ६५ अंश वाकावा लागतो. जिन्याला किंवा खुर्चीतून उठायला ९० अंश किंवा त्याहून जास्त. सुरुवातीच्या आठवड्यांत व्यायाम टळला, तर सांधा आखडू शकतो. काहींना मग भूल देऊन तो वाकवून घ्यावा लागतो.

पक्षाघातातही उपयोग होतो. पेशंट नकळत चांगल्या हातानेच सगळं करतो. दोन्ही मनगटांवर सेन्सर बांधले, की कमजोर हात दिवसभरात किती वापरला, ते कळतं.

सेन्सर कुठे फसतो?

पट्टा घसरला, की कोन चुकतो. जायरोस्कोपची छोटी चूक साठत जाते. ती दुसऱ्या सेन्सरच्या मदतीने सुधारावी लागते. वेदना, जखमेतला स्राव, ताप त्याला दिसत नाही. पोटरी अचानक सुजली किंवा दुखू लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी ॲप न बघता लगेच डॉक्टरांना गाठा.

महागडं यंत्र घ्यायलाच हवं का?

याचं उत्तर वारणा परिसराला नवं नाही. १९९८ मध्ये इथल्या ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पातून कॉम्प्युटर पोहोचले. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चने सात गावांत प्रयोग केला. ऊस उत्पादकांना लागणारी जी माहिती कॉम्प्युटरवरून मिळायची, ती साध्या मोबाइलच्या एसएमएसवर मिळू लागली.

इथेही तसंच आहे. हे दोन्ही सेन्सर बहुतेक स्मार्टफोनमध्ये असतात. खुर्चीत मांडी आडवी ठेवून बसा. कोन मोजणारं ॲप सुरू करून फोन नडगीला उभा टेकवा. नडगी सरळ खाली असेल, तर गुडघा ९० अंशांत आहे. आता पाऊल मागे सरकवा. नडगी १० अंश कलली, तर गुडघा १०० अंश वाकला. पहिली मोजणी मात्र फिजिओथेरपिस्टसमोर करा आणि किती अंशांपर्यंत जायचं, तेही त्यांनाच विचारा.

रोजचा आकडा तारखेसह वहीत लिहा. पुढच्या भेटीला "केला की" म्हणण्याऐवजी ती वहीच पुढे करा. आकडा तीन-चार दिवस अडला असेल, तर मात्र भेटीची वाट न पाहता फोन करा.