पाव इंचाची गोष्ट

दिवाळीची झाडलोट काढली, की प्रत्येक घरात एक खण असा निघतो ज्यात हात घालायला कोणी धजत नाही. बंद पडलेल्या मोबाइलचे चार्जर, एकाच कानाचा इअरफोन, कुठल्या यंत्राची हे कोणालाच ठाऊक नसलेली वायर, असा सगळा संसार त्यात सुखाने नांदत असतो. त्या गुंत्यात पुष्कळदा एक चकचकीत नळी सापडते. तिच्या एका अंगाला बारीक भोक, तर दुसऱ्या अंगाला बोटाएवढी लांब, जाडसर पिन. "हे काय हो? टाकू का?" असे घरची मंडळी विचारतात, आणि गृहस्थ नेहमीच्या गांभीर्याने सांगतात, "असू दे. लागेल कधीतरी."

वाचकहो, एरवी अशा गृहस्थांची बाजू घ्यायला मी तयार नाही. पण या एका बाबतीत त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. या नळीवाचून कोणाचे काय अडले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे; किंबहुना कानांनी ऐकले आहे.

आमच्या यंत्रांवर हेडफोन लावायला जे भोक असते, त्याची मुख्य मापे दोन. थोरले पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. धाकटे साडेतीन मिलिमीटरचे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलात आणि मिलिमीटरच्या भाषेत बोलू लागलात, तर दुकानदार तुमच्याकडे परगावचा पाहुणा म्हणून पाहील. तिथे थोरलीचे नाव 'पी-थर्टीएट' आणि धाकटीचे 'ईपी'. इंग्रजी बोलणारी मंडळी धाकटीला 'एक अष्टमांश इंच' म्हणतात. गणित केले तर एक अष्टमांश इंच म्हणजे ३.१७५ मिलिमीटर होतात, साडेतीन नव्हेत! पण लाडाच्या नावाला हिशेब कोण विचारतो?

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, की एकाच कामाला दोन मापे हवीत कशाला? याचे उत्तर शोधायला सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जावे लागते, आणि मौज अशी की तिथे गाणे-बजावणे काहीच नाही; तिथे आहे टेलिफोन.

२८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेत न्यू हेवन येथे पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८८२ साली एक्स्चेंजे निघाली. एका ग्राहकाची तार दुसऱ्याच्या तारेला हाताने जोडून द्यायची, हे तिथले काम. ते झटपट व्हावे म्हणून ज्या तंत्रज्ञांनी डोके चालवले, त्यांत शिकागोचा चार्ल्स स्क्रिबनर हा अग्रगण्य. त्याच्या सुरुवातीच्या स्विचचा घाट मिटायच्या चाकूसारखा होता. अशा चाकूला इंग्रजीत 'जॅक-नाईफ' म्हणतात. पुढे चाकूचा घाट गेला, 'नाईफ'ही गळून पडला आणि 'जॅक' तेवढा उरला. आज आपण ज्याला 'जॅक' म्हणतो त्याच्या पोटात हा असा चाकू दडलेला आहे.

हळूहळू पाव इंच जाडीची पिन रूढ झाली. तिचे अवयव पाहा. अगदी पुढे असते ते टोक, मधले ते कडे आणि मागची ती बाही. दोन अवयवांमध्ये विजेने एकमेकांना शिवू नये म्हणून काळा पट्टा. टेलिफोनवाल्या मुली डोक्याला हेडफोन लावून या पिनांच्या रांगेसमोर बसत. एखाद्याची लाइन मोकळी आहे की नाही, हे पाहायची त्यांची एक युक्ती होती. पिन आत घालण्यापूर्वी तिचे टोक भोकाच्या कडेला हळूच टेकवायचे. कानात 'टक्' झाले तर लाइन चालू आहे, आत शिरू नये! आधी ऐका आणि मग हात घाला, हा धडा या पिनेने जन्मापासूनच शिकवला आहे.

पुढे रेडिओ स्टेशने निघाली, ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ निघाले. तिथल्या इंजिनिअरांना ही दणकट पिन आयतीच मिळाली. १९५८ साली अमेरिकेत जॉन कॉस यांनी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला आणि दोन कानांना दोन निराळे आवाज देण्याची सोय घरोघर पोहोचू लागली. टोक डाव्या कानाला, कडे उजव्या कानाला आणि बाही दोघांना सामाईक. टेलिफोनच्या जुन्या पिनेत ही वाटणी चपखल बसली.

धाकटी पिन आली ती खिशातून. ट्रान्झिस्टर रेडिओ एवढा लहान झाला, की पाव इंची भोक पाडायचे तर रेडिओत दुसरे काही मावेना. मग बारीक पिना निघाल्या. १ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीने जपानात वॉकमन विक्रीला काढला आणि साडेतीन मिलिमीटरच्या पिनेचे दैव उघडले. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची भोके दोन होती, बरे का! ऐकणाऱ्याने एकट्यानेच ऐकावे, हे त्या वेळी जरा शिष्टाचाराविरुद्ध वाटले असावे. पुढे ही पिन मोबाइलपर्यंत आली. २०१६ साली ॲपलने आयफोन-७ मधून हे भोकच बुजवले. तेव्हापासून पुष्कळ फोन बिनभोकाचेच निघू लागले. मात्र ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांवरून ते हललेले नाही.

का हलले नाही? आणि आमच्या यंत्रांवर थोरले भोक अजून का टिकून आहे? एक गैरसमज आधी काढून टाकतो. जाड पिनेतून आवाज चांगला येतो, असे काही नाही. तोच हेडफोन, तेच यंत्र असले तर पिन जाड की बारीक, हे कानाला कळणार नाही. फरक आहे तो अंगकाठीचा. स्टुडिओत हेडफोन दिवसातून पन्नास वेळा काढला-घातला जातो. गाणारा भान विसरून उठतो आणि वायरीसकट चालू लागतो. वादकाचा पाय वायरीत अडकतो. पाव इंची सॉकेट बहुधा धातूच्या पाटीला नटाने आवळलेला असतो; तो असले हिसके सोसतो, आणि गेलाच तर बदलता येतो. बारीक सॉकेट पुष्कळदा आतल्या सर्किटच्या पाटीवर नुसत्या झाळकामाने उभा असतो. हिसका बसला की तो त्या झाळकामाला बसतो, आणि एके दिवशी एक कान मुका होतो.

म्हणूनच जिथे जागा आहे तिथे थोरली, आणि जिथे जागेची टंचाई तिथे धाकटी, असा व्यवहार पडला. झूम कंपनीच्या 'एफ-८' या फिरतीवरच्या यंत्राला पाव इंची भोक आहे. त्याच घरातल्या लहानग्या 'एफ-६' ला साडेतीनचे. सोनीचा 'एमडीआर-७५०६' हा हेडफोन १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंत दिसतो. त्याची मूळ पिन बारीक, पण तिच्यावर आटे आहेत आणि वर थोरली पिन पेचाने घट्ट बसते. दोन्ही घरी जेवायची सोय!

विमानवाल्यांनी तर मापांतल्या फरकाचाच उपयोग करून घेतला आहे. लहान विमानांच्या वैमानिकाच्या हेडसेटला दोन पिना असतात. कानाची पिन पाव इंची, तर माइकची किंचित बारीक, सुमारे सव्वापाच मिलिमीटरची. घाईत पिनांची अदलाबदल होऊ नये म्हणून ही तजवीज. याउलट ब्रिटिश टेलिफोन खात्याची जुनी पिन पाव इंचीच, पण तिचे टोक बारीक. तिच्या सॉकेटात आपली नेहमीची पिन दडपली, तर आतली पाती फाकतात. पुन्हा मूळची पिन घातली, तर ती सैल बसते. तात्पर्य, शिरली म्हणजे जुळली, असे समजू नये.

हे मला एका आजींच्या जात्यापाशी पुरते पटले.

२०११ सालच्या जानेवारीतली गोष्ट. वेल्हे तालुक्यातल्या एका गावी मी ध्वनिमुद्रणासाठी गेलो होतो. सोबत ओव्या गोळा करणाऱ्या एक प्राध्यापिका बाई होत्या. आजींचे वय ऐंशीच्या घरात. एक माइक आजींच्या तोंडाजवळ ठेवला, तो यंत्रात उजव्या बाजूला घेतला. दुसरा जात्याची घरघर टिपायला, तो डाव्या बाजूला. यंत्र भाड्याचे होते, त्याचे भोक पाव इंची. माझ्या हेडफोनची पिन बारीक. भाडेवाल्याने यंत्रासोबत नवाकोरा ॲडॅप्टर बांधून दिला होता. तो दोन्हीकडे झकास बसला. पण कानाला लावतो तो डावीकडे जाते घरघरते आहे आणि उजवीकडे चिडीचूप.

भाडेवाल्याने स्टिरिओऐवजी मोनो ॲडॅप्टर दिला होता. माप अगदी बरोबर. फक्त मधले कडे नव्हते. टोकातून डावा कान मिळाला आणि उजव्याची वाटच बंद झाली. हे कळते न कळते तोच आजींनी जात्याचा खुंटा धरला आणि पहिली ओवी उचलली. मी बाईंकडे पाहिले. बाईंनी हाताने खूण केली, "चालू द्या, थांबवू नका." त्यांचेही खरेच होते. गाणाऱ्या आजींना "जरा थांबा, पिन बदलतो" असे कोण सांगणार? आणि बदलायला दुसरी होती कुठे? यंत्राचा उजवा काटा तर छान नाचत होता.

पुण्याला येऊन ऐकले. काटा नाचत होता तो आजींच्या आवाजावर आणि त्याबरोबरच माइकच्या केबलमधल्या एका सुटलेल्या तारेवर. अख्ख्या उजव्या बाजूला चरचर, जणू गरम तेलात मोहरी. काट्याला आवाज किती एवढेच कळते. आवाज कसा, हे कळायला कानच लागतो. डाव्या माइकमध्ये जात्याआडून आजी लांबवर ऐकू येत होत्या, तेवढ्या पदरात पडल्या.

पावसाळा उलटल्यावर आम्ही पुन्हा गेलो. आजी होत्या, आवाजही होता. बाईंनी विचारले, "आजी, मागच्या खेपेला तुमच्या भावावरची ती ओवी म्हटली होतीत ना, ती पुन्हा म्हणता?"

आजी हसल्या. म्हणाल्या, "आगं लेकी, जात्यावर बसल्यावं जे सुचंल ते गायाचं. ते दळान झालं, त्याच्या भाकरी झाल्या, खाऊनबी झाल्या. आता ती ओवी कुठनं आनू?"

आजींनी दुसऱ्या ओव्या म्हटल्या, त्या स्वच्छ मिळाल्या. पण ती ओवी जात्याआडचीच राहिली. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या जमवून ठेवल्या, म्हणून आज एवढा ठेवा हाती आहे. एकेक ओवी कशी हातची निसटते हे पाहिलेल्या माणसाला त्या आकड्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक आधी चाखायचा नसतो. ध्वनिमुद्रणाचे शास्त्र नेमके उलटे आहे. ते चाखल्यावाचून पुढे सरकूच नये. हेडफोनचे भोक म्हणजे आमची चाखायची पळी.

हे सगळे तुम्हाला का सांगतो? कारण या दिवाळीत तुमच्याकडेही माणसे जमतील. आजी असतील, आत्या असतील, एखादे मामा असतील, ज्यांना लग्नातली गाणी, गावाकडच्या गोष्टी, कुळाची हकीकत तोंडपाठ आहे. कोणी ना कोणी म्हणेल, "अरे, हे रेकॉर्ड करून ठेवा." तेव्हा चार गोष्टी ध्यानात असू द्या.

यंत्र विकत घ्या, मागून आणा किंवा भाड्याने आणा. घरातून निघण्यापूर्वी त्याचे भोक आणि आपली पिन समोरासमोर धरून पाहा. मग पिनेवरचे काळे पट्टे मोजा. एक पट्टा म्हणजे मोनो. दोन म्हणजे स्टिरिओ, हेडफोनला हवी ती. तीन म्हणजे माइकसह आलेली मोबाइलची. ॲडॅप्टरचेही पट्टे मोजा. बारीक भोकाच्या यंत्राला जाड पिनेचा हेडफोन लावायचा, तर कडक नळीचा ॲडॅप्टर घेऊ नका; तिच्या भाराने भोक उचकटते. वीतभर वायरीचा मिळतो, तो घ्या. आणि फोनवरच मुद्रण करणार असाल तर बोलणाऱ्याला आधी चहा द्या, जेवणाखाण्याचे विचारा, अर्धा मिनिट मुद्रण करा, थांबवा आणि ऐका. पंख्याची घरघर, फटाक्यांचा दणका, शेजारचा टीव्ही, जे काही शिरले असेल ते तेव्हाच कळेल. पंखा बंद करता येतो, खिडकी लावून घेता येते. मग आजींना म्हणा, "हं, आता सांगा."

आणि ती खणातली नळी? टाकू नका. फडक्याने पुसून, तिच्यावरचे पट्टे मोजून, हेडफोनच्याच पिशवीत ठेवून द्या.