वर्धेपलीकडचं रीजन्सी रहस्य

रीजन्सी काळातल्या रहस्यकथांना लंडनचा दिवाणखानाच लागतो असं नाही. १८११ मध्ये राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट म्हणून युवराज कारभार पाहू लागला, ती रीजन्सी. १८१६ मध्ये तोच प्रकार नागपुरात झाला. दुसरे रघूजी भोसले वारले, मुलगा परसोजी दुबळा, म्हणून चुलतभाऊ आप्पासाहेबांनी सूत्रं घेतली. १८०३ च्या देवगावच्या तहाने आपला मोर्शीचा मुलूख भोसल्यांकडून गेला होता. वर्धा नदी ओलांडली की मात्र त्यांचंच राज्य.

१ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी बिछान्यात मृत सापडले. आप्पासाहेब तेव्हा दूर चांद्याला! इंग्रजांनी खुनाचा ठपका उघडपणे ठेवला तो आप्पासाहेबांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१८ मध्ये. इतक्या सोयीने पुढे आलेल्या आरोपावर चांगला गुप्तहेर आधी शंकाच घेईल. अर्थात आप्पासाहेब त्याने सुटत नाहीत. गादी त्यांनाच मिळाली, आणि हुकूम सोडणाऱ्याला जागेवर हजर राहावं लागत नाही.

कुणी म्हणेल, एवढ्या काळ्या राजकारणात हलकीफुलकी प्रेमकथा कशी बसायची? जॉर्जेट हेयरने १९३७ च्या कादंबरीत थेट वॉटर्लूच्या लढाईशेजारी प्रेमकथा बसवलीच की. इथे तर रघूजींची राणी बाकाबाई, तिचा गट, वाड्यातल्या कुजबुजी असा ऐवज तयार आहे; प्रेमी जोडपं तेवढं कल्पनेतून आणायचं. शिवाय आप्पासाहेब शिपायाच्या वेषात इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले आणि १८४० मध्ये जोधपूरला वारले. म्हणजे दुसऱ्या भागाचीही सोय झाली!