कॅज्युअल्टीतल्या सिस्टरची नोंद

आपल्या वस्त्यांतून नर्सिंगला गेलेल्या मुली काही थोड्याथोडक्या नाहीत. कुणाची लेक सिव्हिल हॉस्पिटलात, कुणाची सून महापालिकेच्या दवाखान्यात, कुणाची मावशी नुकतीच इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झालेली. त्यांच्या नाईट ड्युट्या, बदल्यांचे अर्ज, सुजलेले पाय हे सारे आपण घरात ऐकत असतो. पण त्यांच्या कामाचा एक भाग असा आहे की त्याविषयी त्या घरीदेखील फारसे बोलत नाहीत. पोलिसांनी आणलेला आरोपी, अत्याचार सोसून आलेली बाई, भाजलेली सून, यांची शुश्रूषा आणि त्यांच्या अंगावरील खुणांची राखण. या कामाला न्यायवैद्यक परिचर्या म्हणतात.

व्हर्जिनिया लिंच या अमेरिकन परिचारिकेने या कामाला शास्त्राचे रूप दिले. १९९२ साली मिनियापोलिस शहरात ७४ परिचारिका जमल्या आणि त्यांनी आपली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. १९९५ मध्ये तिकडच्या परिचारिका संघाने ही स्वतंत्र शाखा म्हणून मान्य केली. आज ती संघटना लिंचबाईंच्या नावाने पुरस्कारही देते. इंग्लंडात २००३ पासून पोलीस कोठडीच्या नियमांत डॉक्टरच्या जोडीने नर्सलाही स्थान मिळाले.

आता हे काम असते तरी काय? कॅज्युअल्टीत जखमी आला की पहिला हात बहुधा सिस्टरचा लागतो. कपडे कापायचे तर चाकूच्या छिद्रातून कात्री घालायची नाही, बाजूने कापायचे. रक्ताचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबायचे नाहीत. ओल धरते, बुरशी येते, पुरावा कुजतो. सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचे, सील करायचे, आणि ते कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले ते वेळेसह लिहायचे. रुग्ण जे बोलला ते त्याच्याच शब्दांत टिपायचे. आमच्या ओळखीच्या एक ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, "अहो, जखम धुण्याआधी दोन मिनिटं नीट बघितली आणि लिहिली, एवढंच. पण ती दोन मिनिटंच तर मिळत नाहीत." एका वेळी तीस-चाळीस रुग्ण सांभाळणारी बाई दोन मिनिटे आणणार तरी कुठून, हा प्रश्न आम्हालाही पडला.

या दोन मिनिटांची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी ठरवले, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नाही, असा त्यातला तर्क. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदा-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. जखम नसणे म्हणजे अत्याचार नसणे नव्हे, हे केंद्रीय आरोग्य खात्याच्या मार्गदर्शक सूचनांत यायला मात्र २०१४ उजाडले. त्याच सूचनांनी दोन बोटांची ती अपमानकारक तपासणी मोडीत काढली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तिला फटकारले होते, २०२२ मध्ये पुन्हा फटकारावे लागले.

वाचक भगिनींनो, याच सूचनांतील एक गोष्ट आपल्या बायामाणसांना माहीत असावी. अत्याचार झालेली बाई आधी पोलिसांकडे न जाता थेट दवाखान्यात जाऊ शकते. दवाखाना खाजगी असो की सरकारी, प्रथमोपचार व उपचार मोफत द्यावे लागतात. नाकारणे हा गुन्हा आहे. तपासणी तिच्या संमतीनेच होते.

कोठडीचेही तसेच. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये सांगितले की अटकेतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि अटकेच्या वेळी त्याने मागणी केल्यास अंगावरील लहानमोठ्या जखमांची नोंद होऊन तिची प्रत त्याला मिळावी. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लगेच तपासणी करणे बंधनकारक आहे, आणि अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यावी लागते. ही प्रत आपली माणसे मागत नाहीत. मागा. परभणीच्या कायदा शिकणाऱ्या आपल्या तरुणाचा डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा शवविच्छेदनाच्या अहवालातील अनेक जखमांच्या नोंदीने साऱ्या चर्चेला वळण दिले. त्याची आई न्यायालयात गेली आणि जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. मेल्यानंतरची नोंद इतके बोलली. जिवंतपणीच्या तपासण्यांत काय आणि किती लिहिले जाते, हे प्रत्येक घराने विचारायला हवे.

आपल्याकडे कायद्याने तपासणी करायची ती डॉक्टरने. अहवालावर सही त्यांची. सिस्टरने कपडे जपले, बाईला धीर दिला, कैद्याच्या पाठीवरचे वळ आधी पाहिले, तरी कागदावर तिचे नाव क्वचितच येते. राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून दिला जातो. राष्ट्रपतींच्या हस्ते पदक आणि आता एक लाख रुपये. तो परिचारिका, सहायक परिचारिका-प्रसाविका आणि महिला आरोग्य अभ्यागत यांना मिळतो, पण या कामासाठी त्यात वेगळा वर्ग नाही. तुरुंगाच्या दवाखान्यात वर्षानुवर्षे राबलेली सिस्टर कुणाच्या नजरेत यावी?

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' संस्थेने महापालिकेच्या जोडीने या शतकाच्या सुरुवातीला 'दिलासा' केंद्र काढले. मारहाण झालेल्या बायकांशी बोलण्याचे शिक्षण तेथे दवाखान्यातल्याच कर्मचाऱ्यांना दिले गेले, त्यांत नर्सही होत्या. पुढे हाच नमुना इतर रुग्णालयांत आणि इतर राज्यांत गेला. आम्हाला ही गोष्ट पदकाइतकीच मोठी वाटते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बी. एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात पाचव्या सत्राला 'न्यायवैद्यक परिचर्या आणि भारतीय कायदे' हा विषय आला आहे. तास वीस. आपल्यापैकी कुणाची लेक तिसऱ्या वर्षाला असेल तर तिची ती वही एकदा जेवणानंतर मागून घ्या आणि तिलाच वाचून दाखवायला सांगा.