डिस्क अडकलेली नसते, ती मोजत असते

लग्नसराईचे दिवस, गादीवर गिऱ्हाईक बसलेले. साड्यांच्या डिझाइनचे फोटो ज्या १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर होते ती मुलाने संगणकाला जोडली, तर 'किती जागा शिल्लक' हा आकडाच येईना. त्याने कंटाळून वायर ओढली. असे तीन-चार वेळा झाले आणि एक फोल्डर उघडेनासे झाले. दुरुस्तीवाला म्हणाला, डिस्क गेली, नवी घ्या. डिस्क गेलेली नव्हती.

त्या डिस्कची मांडणी फॅट-३२ पद्धतीची होती. ही पद्धत विंडोज ९५ च्या १९९६ सालच्या सुधारित आवृत्तीत आली. टीव्हीला किंवा गाडीतल्या टेपला चालावी म्हणून आजही पुष्कळ लोक डिस्क तशी करून घेतात.

व्यापारी बंधूंनी गोदाम डोळ्यांसमोर आणावे. डिस्कचे ३२ केबीचे कप्पे पाडलेले असतात. १ टीबीत असे तीन कोटींहून अधिक कप्पे होतात आणि प्रत्येकाची नोंद एका खातेवहीत ४ बाइटची. ही वहीच १२२ एमबीची होते. मोकळे कप्पे किती, याची वेगळी चिठ्ठी दारावर असते खरी, पण वायर मध्येच ओढली की ती चुकीची राहते. म्हणून संगणक चिठ्ठीवर भरवसा न ठेवता अख्खी वही चाळतो. लिनक्सही, मुद्दाम सांगितल्याशिवाय, ती चिठ्ठी मानत नाही. यूएसबी २.० ची वायर सेकंदाला सुमारे ३० एमबी वाचते, म्हणजे निदान चार सेकंद गेलेच. तुकड्या-तुकड्याने वाचले तर जास्त. जुन्या १.१ च्या खाचेत दोन मिनिटे. झोपलेली डिस्क फिरू लागायला लागणारा वेळ वेगळाच.

एक्सफॅटमध्ये कप्पा १२८ केबीचा आणि नोंद नुसत्या एका खुणेची, त्यामुळे यादी जेमतेम १ एमबी. एनटीएफएसचे कप्पे लहान, म्हणून यादी ३० एमबीच्या आसपास जाते. तरीही मी विंडोजवरच काम करणाऱ्याला एनटीएफएसच सुचवीन, कारण बदल करण्याआधी ती कच्ची नोंद ठेवते आणि वीज गेली तर वही सावरता येते. एक्सफॅटमध्ये ती सोय नाही, पण मॅकवर आणि बऱ्याच टीव्हींवर ती चालते. फॅट-३२ वर ४ जीबीची एक फाइलसुद्धा मावत नाही, हे व्हिडिओ ठेवणाऱ्यांना ठाऊक असेलच.

मांडणी बदलताना, म्हणजे फॉरमॅट करताना, सारा माल पुसला जातो. आधी दुसऱ्या डिस्कवर नक्कल करावी, ती उघडून पाहावी, मगच हात लावावा.

मात्र जोडतानाच नव्हे, तर प्रत्येक फाइल उघडताना डिस्क रेंगाळत असेल, आतून टकटक आवाज येत असेल, तर ते मोजणे नव्हे. मग फॉरमॅटच्या नादी न लागता त्याच दिवशी जेवढे निघेल तेवढे काढून घ्यावे.